आंरी द तूलूझ-लोत्रेक

आंरी द तूलूझ-लोत्रेक (जन्म : २४ नोव्हेंबर १८६४, आल्बी, मृत्यू : ९ सप्टेंबर १९०१, मालरोमे) हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा श्रेष्ठ फ्रेंच चित्रकार, शिलामुद्रणकार व भित्तिपत्रककार होता. पॅरिसच्या माँमार्त्र वस्तीतील नृत्यगृहे, कॅफे, सर्कस, रंगभूमी आणि वेश्यागृहे यांतील माणसांचे त्याने केलेले चित्रण जगप्रसिद्ध आहे. चित्रकलेइतकाच तो आपल्या मित्रमंडळात यजमान म्हणून ओळखला जाई. आपल्या चित्रशाळेत आणि मित्रांच्या घरी तो स्वतःच्या हाताने कॉकटेले तयार करीत असे. ॲबसिंथ व कोन्याक यांच्या समभाग मिश्रणाचे ‘भूकंप’ हे कॉकटेल त्याच्याच नावावर सांगितले जाते. ज्या पेयाच्या निमित्ताने त्याने आपल्याभोवती माणसे जमविली, त्याच पेयाने त्याचे शरीर पोखरले व वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

बालपण व अपंगत्व

लोत्रेकचा जन्म दक्षिण फ्रान्समधील आल्बी या गावी एका जुन्या सरदार घराण्यात झाला. वडील काउंट आल्फाँस हे घोडे, शिकार व शिकारी ससाणे यांत रमणारे लहरी गृहस्थ होते. आई आदेल ही शांत व धर्मनिष्ठ स्त्री होती. हे दोघे सख्ख्या बहिणींची मुले, म्हणजे एकमेकांची मावसभावंडे होती. मावसभावंडांना सख्ख्या भावंडांप्रमाणे मानणाऱ्या मराठी वाचकाला हे नाते खटकण्याजोगे आहे. परंतु या दोन घराण्यांत असा विवाह एकच झाला नव्हता. लोत्रेकचा धाकटा भाऊ वर्षभराचा होण्यापूर्वीच वारला आणि त्यानंतर आईवडील एकमेकांपासून दुरावले. मुलगा आईच्या छत्राखाली वाढला.

मे १८७८ मध्ये खुर्चीवरून उठताना पडल्याचे निमित्त होऊन त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. पुढच्याच वर्षी बारेज येथे फिरताना तो एका खड्ड्यात पडला आणि उजवी मांडी मोडली. हाडे सांधली गेली, मात्र पायांची वाढ तिथेच थांबली. धड प्रौढ पुरुषाचे आणि पाय मुलाचे, अशी त्याची शरीरयष्टी झाली. उंची पाच फुटांपर्यंतही पोहोचली नाही आणि चालताना काठीचा आधार आवश्यक झाला. हाडे ठिसूळ करणारा एक दुर्मीळ आनुवंशिक विकार त्याला असावा, असे अनुमान विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच वैद्यकतज्ज्ञांनी मांडले व ते आज सामान्यतः ग्राह्य धरले जाते.

घोड्यावर बसणे व शिकार करणे हेच ज्या घराण्यात पुरुषार्थाचे लक्षण मानले जाई, त्या घराण्याच्या वारसाला आता घोड्यावर बसता येणार नव्हते. अंथरुणाला खिळलेल्या महिन्यांत तो घोडे काढू लागला. रने प्रँस्तो हा मूकबधिर चित्रकार वडिलांचा स्नेही होता. घोड्यांची चित्रे हीच त्याची खासियत असल्याने लोत्रेकला पहिला गुरू अनायासे लाभला.

पॅरिसमधील शिक्षण

१८८२ मध्ये लोत्रेक पॅरिसला लेओं बॉना याच्या चित्रशाळेत दाखल झाला. ती लवकरच बंद पडल्यावर त्याने फेर्नां कॉर्मों याच्याकडे शिक्षण घेतले. तेथे एमिल बेर्नार व पुढे व्हिन्सेंट व्हॅन गॉग हे त्याचे सहाध्यायी झाले. घराण्याचे नाव चित्रांखाली येऊ नये अशी वडिलांची इच्छा असल्याने आरंभीच्या काही कामांवर त्याने ‘त्रेक्लो’ अशी, आपल्या नावाची अक्षरे उलटसुलट करून घेतलेली सही केली. एदगार दगाची चित्रे आणि जपानी ठसेचित्रे यांचा त्याच्यावर खोल परिणाम झाला. सपाट रंगक्षेत्रे, ठळक बाह्यरेषा आणि कडेला अर्धवट कापलेल्या आकृती ही त्याच्या शैलीची पुढे प्रसिद्धी पावलेली वैशिष्ट्ये याच काळात घडली.

माँमार्त्र व भित्तिपत्रके

माँमार्त्र ही तेव्हा शहराच्या कडेची, स्वस्त भाड्याची वस्ती होती. कामगार, धोबिणी, नर्तकी आणि कफल्लक कलावंत तिथे राहात. लोत्रेकला घरून नियमित पैसा मिळे, त्यामुळे गरिबी हे त्याचे तिथे राहण्याचे कारण नव्हते. सरदारांच्या दिवाणखान्यात त्याच्या शरीराकडे वळणाऱ्या नजरा माँमार्त्रमध्ये तितक्या टोचत नव्हत्या, हे कारण बहुतेक चरित्रकारांनी दिले आहे आणि ते पटण्यासारखे आहे. गायक आरिस्तीद ब्र्यूआँ याच्या कॅबरेत त्याची चित्रे टांगली जाऊ लागली. १८८९ मध्ये मुलँ रूज हे नृत्यगृह उघडल्यावर तेथे त्याच्यासाठी एक टेबल राखून ठेवलेले असे.

१८९१ मध्ये मुलँ रूजसाठी त्याने नर्तकी ला गूल्यू हिचे भित्तिपत्रक केले. त्याच्या सुमारे ३००० प्रती पॅरिसच्या भिंतींवर लागल्या आणि तो रातोरात प्रसिद्ध झाला. यानंतरच्या दशकात त्याने जान आव्रील, इव्हेत गिल्बेर, ब्र्यूआँ आदींची भित्तिपत्रके व शिलामुद्रिते केली. छपाईच्या शिळेवर दात घासण्याच्या ब्रशाने शाईचे तुषार उडवून तो पोत साधत असे. १८९६ मधील ‘एल’ ही वेश्यागृहातील स्त्रियांच्या दैनंदिन जीवनावरील शिलामुद्रितांची मालिका त्याच्या श्रेष्ठ कामांपैकी आहे. या स्त्रिया तेथे ग्राहकापुढे उभ्या नाहीत. त्या केस विंचरतात, तोंड धुतात, थकून पडतात. त्यांची कीव नाही आणि थट्टाही नाही.

ॲबसिंथ

लोत्रेकच्या चरित्रात ॲबसिंथ वारंवार येते, म्हणून या पेयाची थोडी माहिती येथे देणे उचित ठरेल. किराईत, विलायती बडीशेप व बडीशेप या तीन मुख्य वनस्पती मद्यार्कात भिजवून व ऊर्ध्वपातन करून हे हिरवट मद्य तयार करतात. येथे किराईत म्हणून जी कडू वनस्पती अभिप्रेत आहे, ती युरोपातील असून महाराष्ट्रात जोतिबाला वाहिल्या जाणाऱ्या दवण्याची सगोत्र आहे. या मद्याचा उगम स्वित्झर्लंडमधील कूव्हे परिसरात झाला आणि १८०५ पासून पेर्नो घराण्याने फ्रान्समधील पोंतार्लिए येथे त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन केले. फायलोक्सेरा किडीने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त केल्यावर द्राक्षमद्य महाग झाले. ॲबसिंथ मात्र स्वस्त होत गेले, आणि सायंकाळी पाचच्या सुमारास कॅफेंत ते पिण्याचा प्रघात सर्व थरांत पसरला.

पिण्याची रूढ रीत सावकाशीची होती. पेल्यात सुमारे ३० मिलिलिटर ॲबसिंथ घेऊन त्यावर छिद्रे असलेला चपटा चमचा आडवा ठेवीत. चमच्यावर साखरेची वडी ठेवून तिच्यावर बर्फाचे थंड पाणी थेंबथेंब सोडीत. मद्याच्या तीन ते पाच पट पाणी पडले की स्वच्छ हिरवे द्रव्य दुधाळ होई. बडीशेपेतील सुगंधी तेल मद्यार्कात विरघळते, पण पाण्यात विरघळत नाही. पाणी वाढताच ते सूक्ष्म थेंबांच्या रूपात बाहेर पडते व प्रकाश विखुरतो, हे या पालटाचे कारण आहे. ६८ टक्के मद्यार्काचे ॲबसिंथ या रीतीने पातळ केल्यावर पेल्यातील पेय ११ ते १७ टक्क्यांवर येते, म्हणजे साधारण द्राक्षमद्याइतके. पुढील मजकूर समजण्यासाठी हा आकडा ध्यानात ठेवणे उपयोगी आहे.

घरगुती मद्यशाळा

कॉकटेल हा प्रकार तेव्हाच्या पॅरिसला अमेरिकेकडून आलेला व नवा होता. रॉयल मार्गावरील आयरिश अँड अमेरिकन बार या मद्यगृहात लोत्रेक नियमाने जाई. तेथील राल्फ नावाचा बारमन व त्याची गिऱ्हाइके त्याने १८९५ च्या एका भित्तिपत्रकात चितारली आहेत. तेथे पाहिलेले कौशल्य त्याने घरी आणले. चित्रशाळेत रंगांच्या टेबलाशेजारी बाटल्यांचे टेबल असे आणि आलेल्या प्रत्येकाने त्याच्या हातचे काहीतरी घेतलेच पाहिजे, असा त्याचा आग्रह असे. आपल्याकडे पाहुण्याला चहा घेतल्यावाचून न सोडणारे यजमान असतात, तसाच हा आग्रह होता. चहाच्या जागी मात्र कोन्याक होते. पाहुण्यांनी पाण्याकडे वळू नये म्हणून तो पाण्याच्या सुरयांत सोनेरी मासे सोडून ठेवीत असे, अशी आख्यायिका आहे. पोर्ट मद्यावर किसून घालण्यासाठी तो जायफळ व लहानशी किसणी खिशात बाळगत असे, असेही सांगतात.

‘भूकंप’ हे त्याच्या नावावरील कॉकटेल कृतीने अगदी सोपे आहे. समभाग ॲबसिंथ व कोन्याक बर्फासह ढवळून, गाळून, थंड केलेल्या द्राक्षमद्याच्या पेल्यात देतात. आजच्या घरगुती मद्यशाळेत प्रत्येकी ३० मिलिलिटरपेक्षा अधिक प्रमाण घेण्याचे कारण नाही. हे मिश्रण हलविण्याऐवजी लांब चमच्याने ढवळणे बरे. कारण दोन्ही घटक स्वच्छ मद्ये असून फेस अथवा हवा मिसळण्याचे प्रयोजन नसते. बर्फ वितळत जातो तसे थोडेसे पाणी मिसळते, त्याने तीव्रता कमी होते आणि मिश्रण किंचित धूसर दिसू लागते. साखर किंवा लिंबू या पाककृतीत नाही. ॲबसिंथचा कडवट-सुगंधी स्वर वरचढ राहतो आणि कोन्याकची फळासारखी गोडी त्याच्या मागून जाणवते. चव न आवडल्यास अर्धे ॲबसिंथ कमी करून कोन्याक तेवढेच ठेवण्याचा पर्याय सुज्ञ आहे. न्यू ऑर्लिन्सच्या साझेराक या प्रसिद्ध कॉकटेलमध्ये तर ॲबसिंथचा उपयोग केवळ पेला आतून खंगाळून काढण्यापुरताच करतात.

येथे वरचा आकडा आठवावा. ६८ टक्क्यांचे ॲबसिंथ आणि ४० टक्क्यांचे कोन्याक समभाग मिसळले की मिश्रण ५४ टक्क्यांचे होते. वितळलेल्या बर्फाने ते थोडे उतरले तरी कॅफेतल्या रूढ पेल्याच्या तिप्पट-चौपट तीव्र राहते. ॲबसिंथला पाण्याची जोड हवी असा जो संकेत होता, तो या मिश्रणाने मोडला आणि पाण्याच्या जागी दुसरे मद्य ठेवले. लोत्रेकच्या प्रकृतीचा पुढील इतिहास वाचताना कल्पनारम्य ‘हिरव्या परी’पेक्षा हे साधे गणित अधिक बोलके वाटते.

नातांसाँ यांच्या घरची रात्र

यजमानपणातील त्याची सर्वांत गाजलेली कामगिरी १६ फेब्रुवारी १८९५ ची आहे. ‘ला रव्ह्यू ब्लांश’ या नियतकालिकाशी संबंधित आलेक्सांद्र नातांसाँ याने आपल्या पॅरिसमधील घरासाठी एद्वार व्ह्यीयार याच्याकडून ‘सार्वजनिक उद्याने’ या विषयावरील भिंतीचे नऊ चित्रफलक करवून घेतले होते. ते दाखविण्यासाठी मोठी मेजवानी ठरली. निमंत्रणपत्रिका लोत्रेकने स्वतः शिलामुद्रणाने केली आणि मद्यशाळेचा भारही त्यानेच उचलला. डोके भादरून, बारमनचा पांढरा कोट व अमेरिकेच्या राष्ट्रध्वजाच्या कापडाची बंडी घालून तो रात्रभर फळीमागे उभा राहिला. सुमारे ३०० पाहुणे आले होते. वेगवेगळ्या घनतेची रंगीत मद्ये एकमेकांत न मिसळता पेल्यात थरांनी ओतण्याची युक्तीही त्याने तेथे वापरली. चित्रकार जसा फिका रंग गडद रंगावर चढवतो, तसेच काहीसे ते होते. त्या रात्री त्याने २००० हून अधिक पेले भरले असे सांगितले जाते. व्ह्यीयार आणि प्येर बॉनार हे दोघेही त्या रात्री शुद्धीवर राहिले नाहीत अशी नोंद आहे.

या रात्रीचा एक विशेष असा, की लोत्रेक स्वतः शुद्धीत राहिला. इतर वेळी सर्वांहून अधिक पिणारा हा माणूस जेव्हा इतरांना पाजण्याचे काम करीत होता, तेव्हा त्याने स्वतःचा पेला बाजूला ठेवला. एरवी गर्दीत ज्याची उंची पहिल्यांदा दिसे, तो त्या रात्री सबंध खोलीचा सूत्रधार होता. त्याच्या वृत्तीचा हा भाग त्याच्या चित्रांशी जुळतो. चित्रे काढतानाही तो गर्दीच्या कडेला बसून, भान ठेवून पाहणाराच होता.

पाककला

पेयांइतकाच तो स्वयंपाकातही रमे. शाळेपासूनचा मित्र आणि पुढे चित्रविक्रेता झालेला मॉरीस ज्वायाँ त्याचा सोबती असे. व्ह्यीयारने १८९८ मध्ये रंगविलेल्या एका चित्रात लोत्रेक लाल शर्ट व पिवळ्या विजारीत चुलीपुढे उभा दिसतो. जेवणाच्या यादीची पत्रके तो स्वतः चितारत असे. १८९७ मध्ये नव्या चित्रशाळेच्या निमित्ताने त्याने मित्रांना दुधाच्या पेल्याचे आमंत्रण धाडले. त्यावर चाबूकधारी लोत्रेक, भरल्या सडांची गाय व एक मुटरी पक्षी असे चित्र आहे. त्याच्या घरी दुधाचे आमंत्रण येणे हाच विनोद होता. त्याच्या पाककृती ज्वायाँने संग्रहित करून १९३० मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांत भाजलेल्या टोळांचाही समावेश आहे.

चित्रांतील पेला

लोत्रेकच्या अनेक चित्रांत मद्याचा पेला आहे, पण त्या पेल्याची स्तुती क्वचितच आढळते. १८८७ मध्ये त्याने खडूरंगांत काढलेल्या व्यक्तिचित्रात व्हॅन गॉग कॅफेत एका पेल्यासमोर बसलेला दिसतो. स्यूझान व्हालादों हिला समोर बसवून काढलेल्या चित्रात टेबलावर कोपर टेकलेली, दुसऱ्या दिवसाच्या जडपणाने ग्रासलेली स्त्री आहे. १८९३ मधील ‘मस्यू ब्वालो’ हे आता क्लीव्हलंडच्या संग्रहालयात असून त्यात मध्यमवर्गीय, सुखवस्तू गृहस्थ आपल्या पेल्यापुढे ऐसपैस बसलेला आहे. तीनही चित्रांत उपदेश नाही. दगाच्या १८७६ च्या सुमाराच्या ‘ॲबसिंथ’ या चित्रात जी सुन्नता आहे, ती लोत्रेककडे तितकी गडद नसते. तो पिणाऱ्या माणसाला ओळखतो, कारण तो स्वतः त्याच टेबलाचा आहे.

अखेरची वर्षे

१८९७ पासून त्याच्या कामाचा वेग मंदावला. मद्यासक्तीला उपदंशाच्या आजाराची जोड मिळाली होती. त्याची काठी पोकळ असून तिच्यात मद्य ठेवण्याची सोय होती, ही कथा याच काळासंदर्भात सांगितली जाते. संशय, भीती आणि भ्रम वाढले. जानेवारी १८९९ मध्ये पॅरिसमध्ये त्याच्याजवळ राहणारी आई अचानक शहर सोडून गेली, त्याने तो अधिकच खचला. फेब्रुवारीच्या अखेरीस त्याला न्यूयी येथील एका खासगी मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. वृत्तपत्रांनी त्याच्या वेडाची चर्चा केली; काहींनी त्याची चित्रेही त्याच वेडाची फळे ठरविली.

मद्य बंद झाल्यावर त्याची प्रकृती थोड्याच आठवड्यांत सुधारली. आपले भान शाबूत आहे हे दाखविण्यासाठी त्याने कागद व खडू मागवून घेतले आणि केवळ स्मरणावर सर्कशीची ३९ चित्रे काढली. घोडेस्वार स्त्रिया, विदूषक, कसरतपटू, रिंगणात गोल फिरणारे घोडे. एकही नमुना समोर नसताना शरीराचा तोल आणि घोड्याची चाल त्याने अचूक टिपली. प्रेक्षकांची बाके मात्र जवळजवळ रिकामी आहेत. मे १८९९ मध्ये त्याची सुटका झाली. या चित्रांनी आपण आपले स्वातंत्र्य विकत घेतले, अशी त्याची स्वतःची भावना होती.

घरच्यांनी पोल व्हियो नावाच्या एका दूरच्या नातलगाला त्याच्यासोबत राहण्यास नेमले. व्हियो स्वतः प्रकृतीमुळे मद्य घेत नसे आणि लोत्रेकला मद्यापासून दूर ठेवणे हे त्याचे काम होते. काही महिने हा उपाय चालला, पुढे निष्फळ ठरला. १९०१ मध्ये वैद्यकीय परीक्षेचे दृश्य असलेले अखेरचे मोठे चित्र त्याने पुरे केले. ऑगस्टमध्ये समुद्रकिनारी असताना त्याला पक्षाघाताचा झटका आला. त्याला आईच्या मालरोमे येथील वाड्यात नेण्यात आले व तेथे ९ सप्टेंबर १९०१ रोजी त्याचा मृत्यू झाला. त्याची समाधी व्हेर्दले येथे आहे.

मृत्यूनंतर

मृत्यूसमयी त्याच्या नावावर ७३७ रंगचित्रे, २७५ जलरंगचित्रे, ३६३ शिलामुद्रिते व भित्तिपत्रके आणि ५०८४ रेखाटने होती, असा हिशेब दिला जातो. आईने व ज्वायाँने ही चित्रे सांभाळली. सरकारी संग्रहालयांनी उत्साह न दाखविल्याने ती आल्बी शहराला दिली गेली आणि १९२२ मध्ये तेथील जुन्या बिशपच्या राजवाड्यात त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले. या कामी ज्वायाँ आणि लोत्रेकची आई आदेल यांचा वाटा सर्वांत मोठा होता. जॉन ह्यूस्टनच्या १९५२ च्या ‘मुलँ रूज’ या चित्रपटात होजे फेरर याने लोत्रेकची भूमिका केली.

ॲबसिंथवर स्वित्झर्लंडने १९१० पासून आणि फ्रान्सने १९१५ मध्ये बंदी घातली. त्या वेळी सर्व दोष किराईतातील थुजोन या द्रव्यावर ठेवण्यात आला होता. जुन्या बाटल्यांच्या अलीकडच्या विश्लेषणात थुजोनचे प्रमाण समजले जाई त्याहून बरेच कमी आढळले. बहुतांश अपाय मद्यार्काच्या अतिरेकाचा होता. स्वित्झर्लंडने २००५ मध्ये बंदी उठवली आणि फ्रान्समध्येही ॲबसिंथ पुन्हा आपल्या नावाने विकले जाऊ लागले. ‘भूकंप’ आजही कॉकटेलच्या पुस्तकांत लोत्रेकच्या नावासह दिलेले आढळते. मात्र बहुतेक ठिकाणी त्यातील ॲबसिंथचे प्रमाण कमी केलेले असते.